श्रद्धा जरूर सांगावी, पण ऐकणाऱ्याला उठून जाता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही दिवसांत आपल्या वाचकपत्रांच्या सदरात बागेत, बसथांब्यावर आणि लोणावळा लोकलमध्ये अनोळखी माणसांना गाठून स्वतःच्या धर्माविषयी बोलणाऱ्यांबद्दल बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. महापालिकेने आणि पोलिसांनी अशा मंडळींना सार्वजनिक जागी मज्जाव करावा, असा बहुतेकांचा सूर आहे; आणि एक-दोन पत्रलेखकांनी तर हा उपद्रव एका विशिष्ट धर्माचीच माणसे देतात, असे गृहीत धरून लेखणी उचललेली दिसते. माझी नोकरीची सारी वर्षे पुण्यातल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेली. एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला देव सांगतो आहे, हा प्रसंग मी ज्या जवळिकीने पाहिला तसा तो फार थोड्या व्यवसायांतल्या लोकांना पाहायला मिळत असेल, म्हणून या चर्चेत चार ओळी लिहिण्याचे धाडस करते.

माझे म्हणणे असे की, तक्रार करण्याजोगे सांगणे बागेत फारसे होतच नाही. संभाजी उद्यानात किंवा सारसबागेत कोणी पुस्तिका पुढे केली, तर नको म्हणून पुढे चालू लागायला कोणाची परवानगी लागत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो जिथे ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही, नाही म्हणण्याची सोय नसते, किंवा नाही म्हटल्यास काहीतरी गमवावे लागेल अशी धास्ती असते, तिथे. आणि अशा ठिकाणी सांगणारी माणसे एका धर्माची नसतात, सगळ्या धर्मांची आणि पंथांची असतात.

बंदीची मागणी करणाऱ्यांनी राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद एकदा वाचावा. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क तिथे दिलेला आहे. हा हक्क नजरचुकीने आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चांगलीच खडाजंगी झाली होती. लोकनाथ मिश्र यांनी प्रसाराच्या हक्काला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी यांनी उत्तर दिले की, हा उल्लेख नसता तरी भाषणस्वातंत्र्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दुसऱ्याचे मन वळवता आलेच असते, आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांनी, हा हक्क ख्रिस्ती मिशनऱ्यांना जितका आहे तितकाच शुद्धीचे, म्हणजे लोकांना हिंदू धर्मात परत घेण्याचे, काम करणाऱ्या आर्यसमाजींनाही आहे, याकडे लक्ष वेधले. पुढे १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची सीमा आखली. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्यांचा प्रसार करता येईल, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात मोडत नाही, कारण सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य ऐकणाऱ्यालाही तितकेच आहे. या निकालावर कायदेपंडितांत मतभेद आहेत आणि त्यात पडण्याची माझी पात्रता नाही. बोलणाऱ्याच्या हक्काबरोबर ऐकणाऱ्याचाही हक्क मोजावा लागतो, एवढे मात्र त्यातून घेण्यासारखे आहे.

पुण्याला हा विषय नवा नाही. गुरुवार पेठेतल्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या कपभर चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या, विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनाचे प्रकरण पेटले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले असताना विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण आपल्या खोलीत प्रार्थना करतो, दार उघडे असते, ज्याला यायचे त्याने यावे, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि ज्या समाजाने त्या मुलींना वाऱ्यावर सोडले होते त्याने सदनाला धारेवर धरावे, यातला दुटप्पीपणाही उघड आहे. तरीही माझ्या मते मुद्दा शिल्लक राहतोच. ज्या विधवा मुलीचे अन्न, निवारा आणि शिक्षण ज्या व्यक्तीवर अवलंबून आहे, त्या व्यक्तीच्या उघड्या दारापुढून ती किती मोकळेपणाने निघून जाऊ शकते?

याच्या अगदी उलट जातीचा प्रसंग त्याच सालातला आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये रेल्वेने राजनांदगावला निघाले असता डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे सुरू झाले. सुरुवात संस्कृत काव्यावरून झाली, तिथून गाडी धर्माकडे वळली, आणि त्या गृहस्थाने बायबलमधल्या नव्या कराराची प्रत टिळकांना देऊन ती वाचण्याचा आग्रह केला.  टिळकांनी पुस्तक वाचले, पत्रव्यवहार केला, स्वतःशी झगडले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अनोळखी माणसाला श्रद्धा कशी सांगावी याचा नमुना मागितला, तर मी हाच प्रवास दाखवीन. बोलणारे दोघेही विद्येने बरोबरीचे होते, कोणी कोणाचे देणे लागत नव्हते, आपापल्या स्टेशनावर उतरायला दोघेही मोकळे होते, आणि पुस्तक देणाऱ्याने पुढे पाठपुरावा करून पिच्छा पुरवला नाही. पण या नमुन्यालाही एक बाजू आहे, जी उत्साही प्रचारक सहसा सांगत नाहीत. टिळकांच्या त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले, कित्येक वर्षे त्यांना पतीपासून दूर राहावे लागले, आणि पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. डब्यातल्या त्या प्रवाशाला यातले काहीच ठाऊक नसणार. त्याला मी दोष देत नाही. परंतु दहा मिनिटांच्या बोलण्याने समोरच्याच्या घरात काय हलू शकते, याची जाणीव ठेवून बोलणारा माणूस निराळा आणि आज किती पुस्तिका वाटल्या याचा हिशेब ठेवणारा निराळा.

आता वॉर्डाकडे येते. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात दुपारी चार ते सहा ही भेटीची वेळ असे. दौंडकडच्या एका आजोबांचा पाय मधुमेहाच्या जखमेमुळे गुडघ्याखाली काढावा लागला होता. एका हाताला सलाईन, जखमेला ड्रेनची नळी, आणि मुलगा खाली औषधे आणायला गेलेला. एवढ्यात शेजारच्या कॉटला आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या कपाळाला अंगारा लावला. मग दोन नीटनेटके तरुण पुस्तिका घेऊन आले, त्यांनी आजोबांचा हात हातात घेऊन डोळे मिटून प्रार्थना केली. ते जातात न जातात तो भलत्याच रुग्णाला भेटायला आलेल्या एक बाई थांबल्या आणि अमुक पोथीची पारायणे घरच्यांना करायला सांगा, म्हणजे जखम बघता बघता भरेल, असे सांगू लागल्या. प्रत्येकाने सुरुवात ‘काय झालं आजोबा?’ इथूनच केल्यामुळे पाय कसा गेला हे त्या माणसाला दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. बाईंना ती भक्ती वाटली आणि त्यांनी आवाज चढवला. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन गेले आणि पडदा ओढायचा आहे म्हणून सर्वांना बाहेर काढले, हा आम्हा सिस्टर लोकांचा ठेवणीतला उपाय.

संध्याकाळी चादर बदलताना उशीखाली अंगाऱ्याची पुडी, दोन पुस्तिका, एका महाराजांचा खिशात मावेल एवढा फोटो आणि तेलाची चिमुकली बाटली निघाली. आजोबा मावशींना म्हणाले, ‘टाकू नका, खणात ठेवा कुठंतरी. पाप लागायचं.’ म्हणजे घ्यायची इच्छा नव्हती, नाकारायची ताकद नव्हती आणि टाकायची हिंमत नव्हती. आजोबा स्वतः माळकरी होते. ऑपरेशनच्या वेळी काढलेली त्यांची तुळशीची माळ गॉजच्या तुकड्यात बांधून लॉकरमध्ये ठेवलेली होती, आणि ती कोणीतरी गळ्यात परत घालून द्यावी एवढीच त्यांची धार्मिक गरज होती. त्यांना देव सांगायला आलेल्यांपैकी एकानेही तुमची श्रद्धा कशावर आहे, तुम्हाला काय हवे आहे, असे विचारले नाही.

हे सगळे लोक चांगल्या हेतूने आलेले होते, हे मी मुद्दाम नमूद करते. पदरमोड करून, बस बदलत, लांबून ते येत असत. अनेकदा बेवारशी रुग्णाला फळे आणि टॉवेल तेच आणून देत. पण खाटेवरचा माणूस हा बागेतल्या बाकावरचा माणूस नव्हे. तो घाबरलेला असतो, त्याला औषधांची गुंगी असते, आणि कोणाला नाराज केले तर बरे होण्यात विघ्न येईल, अशी भाबडी भीती त्याच्या मनात घर करून असते. या भीतीवर बोट ठेवूनच जर कोणाला श्रद्धा पटवायची असेल, तर ती पटली की वाकवली, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे.

बरे होण्याचे आश्वासन ही तर याहून गंभीर गोष्ट. ‘विश्वास ठेवा आणि गोळ्या बंद करा’ हे वाक्य मी वेगवेगळ्या धर्मांच्या परिभाषेत ऐकले आहे, आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करून साखर भलतीच वाढलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवरून आलेले रुग्णही पाहिले आहेत. मंत्र, कवच, ताईत यांनी ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. मधुमेह, कर्करोग आणि फेफरे ही त्या यादीत आहेत, आणि या कायद्याच्या दृष्टीने छापील पत्रकच नव्हे तर तोंडी घोषणासुद्धा जाहिरातच ठरते. म्हणजे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर वाटली जाणारी कित्येक पत्रके आजच्याच कायद्यात बसत नाहीत. त्यासाठी नवी बंदी कशाला हवी?

उठून जाता न येण्याच्या इतर जागा वाचकांना सहज आठवतील. घरकामाला येणाऱ्या ताईंना आपल्या सत्संगाची पावती फाडायला लावणाऱ्या मालकीणबाई, कामाच्या वेळेत हाताखालच्या लोकांना गुरूंच्या शिबिराला पाठवणारे साहेब, आणि खासगी क्लासमध्ये गणित बाजूला ठेवून धर्म शिकवणारे सर, हे सगळे त्यात आले. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असे घटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो. क्लासवाले आपण शिक्षणसंस्था नाही म्हणून सुटतात.

दुसरा प्रकार लपवाछपवीचा. मोफत नेत्रतपासणी, तणावमुक्ती शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास अशा पाट्या लावून लोकांना बोलवायचे आणि चहा झाल्यावर खरा विषय काढायचा, ही रीत आता सर्रास झाली आहे. ज्याला आपल्या श्रद्धेविषयी बोलायचे आहे त्याने ते पहिल्या वाक्यातच सांगावे. लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदारसुद्धा पाटीवर साड्या लिहून आत भांडी विकत नाही.

मोकळेपणाने सांगण्याची उदाहरणेही याच शहरात भरपूर आहेत. आषाढी वारीच्या पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा लाखो वारकरी शहरभर पसरलेले असतात. ते अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून वाकून नमस्कार करतात, पाणी मागतात, विचारले तर वारी का करतो ते सांगतात आणि पुढच्या मुक्कामाला निघून जातात. माझ्याबरोबर काम केलेल्या केरळच्या ख्रिस्ती सिस्टर रात्रपाळी सुरू करण्यापूर्वी चार्टच्या टेबलाशी क्षणभर उभ्या राहून पुटपुटत. त्या रुग्णांपाशी धर्माचा विषय कधी काढत नसत. एकदा एका रुग्णानेच ‘तुम्ही रोज काय म्हणता?’ असे विचारले, तेव्हा त्यांतल्या एकीने मोडक्या मराठीत सरळ उत्तर दिले की, आज रात्री हातून चूक होऊ नये असे मागते. रमजानात रोजा धरून दुपारची पाळी करणाऱ्या सहकारी भगिनीला आम्ही किती प्रश्न विचारत असू, आणि ती किती मोकळेपणाने उत्तरे देई! यांच्यापैकी कोणीही माझा धर्म बदलायला निघाले नव्हते, पण त्यांच्या धर्माबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते त्यांच्याकडूनच मिळालेले आहे. लोकांनी अनोळखी माणसांशी श्रद्धेविषयी बोलणेच बंद केले, तर हे ज्ञान आपल्याला कुठून मिळणार? मोबाइलवर येणाऱ्या निरोपांतून? तिथे काय मिळते ते आपण सारे रोज पाहतो. पूर्वी ‘अकरा जणांना लिहा, नाहीतर अनिष्ट घडेल’ अशी पोस्टकार्डे येत. आता तीच धमकी फुलांच्या चित्रासह सकाळी सहाला येते.

हा हक्क अश्रद्ध माणसालाही तितकाच आहे, हे या चर्चेत कोणी म्हटले नाही याचे नवल वाटते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर गावोगाव अनोळखी माणसांना आपला विचार सांगत हिंडले आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्या पुलाला ज्यांचे नाव आहे ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे प्रार्थना समाजाचे धर्मप्रचारक होते. ज्या शहरात असे घडले आहे, त्या शहरातल्या सुशिक्षितांनी बोलण्यावर बंदीची मागणी करताना थोडे थबकायला हवे.

आता पत्रलेखकांच्या गृहीतकाविषयी. आपल्याच धर्मातले सांगणे आपल्याला प्रचार वाटत नाही, हे मी माझ्या सोसायटीत रोज पाहते. लिफ्टमध्ये ‘काकू, एकदा आमच्या बैठकीला या’, भाजीच्या गाडीशी ‘अकरा गुरुवार केंद्रात येऊन बघा, मुलाचं लग्न जमेल’, अशा आमंत्रणांना आपण आपुलकी म्हणतो; तेच शब्द दुसऱ्या धर्माच्या माणसाने उच्चारले की कारस्थानाचा वास येतो. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणारे बोलणे हा गुन्हा आहेच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०२ व्या कलमात आहे. पण शांतपणे पुस्तिका पुढे करणे आणि नको म्हटल्यावर ती परत घेणे, यात कोणाचीही भावना दुखावण्याचे कारण नाही. मोजमाप ठरवायचे तर ते सर्वांना एकच असावे.

म्हणून महापालिकेकडे बंदीची मागणी करण्यापेक्षा रुग्णालयांच्या व्यवस्थापनांकडे आणि सार्वजनिक रुग्णालयांच्या अभ्यागत समित्यांकडे माझी काही मागणी आहे. भेटीच्या वेळी रुग्णाचे नाव सांगता येईल त्यालाच वॉर्डात सोडावे, आणि ज्याच्या नावाने पास घेतला त्याच खाटेपाशी त्याने थांबावे. प्रार्थना, पोथी, नमाज किंवा नुसते शांत बसणे यासाठी तळमजल्यावर एखादी खोली ठेवावी. अनेक नातेवाइकांना तिची नितांत गरज असते, आणि ती नसल्यामुळे ते जिन्यात बसून जप करतात. आमच्या वेळी केसपेपरवर धर्माचा रकाना असे आणि त्याचा उपयोग बहुधा मृतदेह ताब्यात देतानाच होई. त्याच्याखाली आणखी एक ओळ छापावी: रुग्णाला कोणा धार्मिक व्यक्तीची भेट हवी आहे का, असल्यास कोणाची, आणि काही माळ, ताईत, क्रूस किंवा जानवे काढून ठेवले असल्यास ते केव्हा परत द्यायचे. भरती करून घेताना सिस्टरने हे दोन प्रश्न विचारायला मिनिटभरही लागणार नाही, आणि उत्तर ‘नको’ असे आले तर तेही तिथेच लिहून ठेवता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे